‘सून घरीच असते!’

उन्हाळ्याच्या सुटीत किंवा जोडून आलेल्या रजेत तुम्ही कधीतरी किहीमला जाऊन आला असाल. गेटवेला बोटीत बसायचे, मांडव्याला उतरायचे, बसने चोंढी नाक्यापर्यंत यायचे आणि तिथून रिक्षा करून थेट समुद्र गाठायचा. किनाऱ्याला सुरूची झाडे, त्यांच्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि दर चार घरांआड एक पाटी : ‘घरगुती जेवणाची व राहण्याची सोय’. दोन दिवस तांदळाच्या भाकऱ्या आणि सोलकढी चापून, निघताना पांढऱ्या कांद्याची एक माळ पिशवीत टाकून तुम्ही घरी परतला असाल.

आता जरा आठवून सांगा. त्या दोन दिवसांत सकाळचा चहा कुणी दिला? भाकऱ्या कुणी थापल्या? तुम्ही निघाल्यावर चादरी कुणी धुवायला काढल्या? वाडीत पडलेल्या झावळ्या कुणी ओढून नेल्या? आणि निघताना सहज म्हणून तुम्ही विचारले असेल, "घरात कामाला कोण कोण आहे हो?" तर उत्तर साधारण असेच आले असेल : "मोठा कंपनीत कंत्राटावर आहे, धाकटा रिक्षा चालवतो. सून घरीच असते."

घरीच! मैत्रिणींनो, या एका शब्दाने किती कामे झाकली जातात पाहा. गेल्या नव्वद-शंभर वर्षांत अलिबागच्या या किनाऱ्यावरच्या पुरुषांनी किती वेळा काम बदलले याचा पत्ता लागतो. गिरणीच्या हजेरीपटात लागतो, कंपनीच्या गेटपासात लागतो, सातबाऱ्यावर लागतो. बायकांच्या कामाचा माग काढायला गेले की हा शब्द आडवा येतो आणि वाट तिथेच संपते. म्हणून आज आपण उलटे करू. पुरुषांच्या नोकऱ्या बाजूला ठेवू आणि बायकांच्या बाजूने किहीमकडे पाहू.

त्यासाठी एक घर मनाशी धरा. अमक्याचे-तमक्याचे नव्हे, पण किहीम, थळ, नवगाव, आवास या पट्ट्यातल्या कुठल्याही आळीत सापडेल असे. घरात आज एक सून आहे, तिला सासू आहे, भिंतीवर हार घातलेल्या तसबिरीत आजेसासू आहे आणि आतल्या खोलीत मोबाइल घेऊन बसलेली कॉलेजातली लेक आहे.

रहाट, झाप आणि सुगरण

आजेसासूबाई लग्न होऊन या घरात आल्या १९३०च्या सुमारास. घरामागे वाडी होती. पहाटे रहाटाला बैल जुंपायचा तो पुरुषाने. पाटातून आलेले पाणी या आळ्यातून त्या आळ्यात वळवायचे, पाट फोडायचा, पुन्हा बुजवायचा, हे काम बाईचे. पडलेली झावळी मधोमध चिरून भिजत घालायची आणि तिचे झाप विणायचे. पावसाळ्याआधी घर-गोठा त्यानेच शाकारायचा. पातीचे हीर काढून खराटे बांधायचे, सोडणे वाळवून चुलीपाशी रचायची. नारळाचे माणसाला जेवढे उपयोग, तेवढी बाईला कामे! आणि त्यातही एक वाटणी ठरलेली : नारळ बाजारात गेला तर पैसा घरधन्याच्या हातात, खराटे गेले तर त्याचे चार पैसे बाईच्या कनवटीला.

वाडीपलीकडे भाताची खाचरे होती, ती बहुतेकांची स्वतःची नव्हतीच. खोताची जमीन कुळाने कसायची आणि पीक आले की खोताच्या घरी नेऊन घालायचे. याच अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी संप केला. हो, शेतकऱ्यांचा संप! खोताची जमीन कसणारच नाही म्हणाले, आणि १९३९पर्यंत म्हणजे सहा वर्षे ते खरे करून दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे १९४९मध्ये कायदा होऊन खोती गेली. सहा वर्षे घरात भात न येता चूल कशी पेटली असेल, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या पुस्तकात फारसा कुणी विचारत नाही. तो आपल्यासारखीलाच सुचायचा.

आसपासची कामेही आता नावापुरती उरलेली. भंडारी माडावर चढून माडी काढत. १९४९चा दारूबंदीचा कायदा आला आणि त्या धंद्याचे कंबरडे मोडले. किहीमहून जवळच नवगाव. तिथल्या किनाऱ्याला शतकांपूर्वी आपले गलबत फुटले आणि आपले पूर्वज इथे उतरले, असे बेने इस्रायल समाजाची मंडळी सांगतात. घरचे मराठी बोलणारी ही ज्यू माणसे गावोगाव तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १९४८मध्ये इस्रायल देश झाला, तिकडे हळूहळू घरेच्या घरे गेली. अलिबागेत इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे. घाण्याची करकर गेली.

या काळातली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. पक्षितज्ज्ञ सालिम अली १९३० साली जर्मनीतून शिकून परत आले, तो मुंबईच्या म्युझियममधली त्यांची जागा पैशाअभावी बंद झालेली. म्हणजे आपल्या भाषेत, बेकार! ते पत्नी तहमिना यांच्यासह किहीमला राहायला आले. तिथे झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. काम नसलेला तो माणूस पावसाळाभर त्या घरट्यांकडे पाहत बसला आणि पाहता पाहता त्याच्या लक्षात आले की घरटे विणतो तो नर. तो एक अर्धेमुर्धे विणून ठेवतो, मादी येते, आत-बाहेर करून पाहते, पसंत पडले तर राहते. मग तो तेवढे पुरे करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरे घर बांधायला घेतो! या अभ्यासाने सालिम अलींचे नाव झाले. आपल्या मराठीत मात्र त्या पक्ष्याचे नाव सुगरण. विणकाम सगळे त्याचे आणि नाव तिचे. किहीममध्ये असा उलटा न्याय मिळाला तो त्या एका झाडावर. खाली आळीत काम तिचे आणि नाव त्याचे, हाच नियम.

बोट आणि मनिऑर्डर

सासूबाई या घरात आल्या तेव्हा त्यांचे यजमान मुंबईत गिरणीत होते. लालबाग-परळला गाववाल्यांच्या खोलीवर दहा-पंधराजणांत एक वळकटी. गणपतीला आणि शिमग्याला घरी. रेवस ते भाऊचा धक्का हा त्या काळी या घरांचा राजरस्ता. त्याच मार्गावर १७ जुलै १९४७ला, गटारीच्या दिवशी, ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेवर माणसे गेली. त्यांतली कितीतरी सणाला घरी निघालेली चाकरमानी मंडळी होती. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांना तो ऑगस्ट कसा गेला असेल?

मुंबईहून दरमहा मनिऑर्डर यायची. कोकण मनिऑर्डरवर जगते असे म्हणायची तेव्हा पद्धतच होती आणि ते खोटेही नव्हते. पण अर्धेच खरे होते. मनिऑर्डर यायच्या आधी आणि संपल्यानंतर घर कशावर जगत होते? राब भाजणे, पेरणी, लावणी, बेणणी, कापणी, गुरे, वाडी, सासू-सासऱ्यांची दुखणी, पोरांच्या शाळा, सगळे त्या बाईवर. पुरुष बाहेर आणि बायका गावात, याची खूण जनगणनेतही दिसते. १९९१पर्यंत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त बायका होत्या. २०११मध्ये तो आकडा ९५९वर आला. म्हणजे बायका घटल्या असे चटकन म्हणावेसे वाटते, आणि मुलींचा जन्म नको असण्याचा डाग आपल्या राज्यावर आहे, तो पुसायचे कारण नाही. पण इथली मोठी गोष्ट वेगळी आहे. पूर्वी इथले पुरुष कामासाठी बाहेर जात. पुढे पनवेल, उरण, खोपोली, नागोठण्याच्या बाजूला कारखाने आणि बंदरे आली, आणि बाहेरचे पुरुष कामासाठी इथे येऊ लागले.

तुम्ही म्हणाल, बायका गिरणीत जात नव्हत्या का? जात होत्या की. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास बायका होत्या, सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. मग रात्रपाळीला बायकांना बंदी आली, १९२९चा बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, नवी यंत्रे आली, आणि प्रत्येक वेळी मालकांनी आधी कमी केल्या त्या बायकाच. कायदे चांगले होते, बरे का. पण बाईच्या भल्याचा खर्च करण्यापेक्षा बाईच नको, हा हिशेब त्यांना स्वस्त पडला.

बायका गिरणीतून घरी आल्या आणि घरात बसून गिरणी चालवू लागल्या. असे म्हणते याचे कारण खानावळी. खोलीवर राहणाऱ्या एकट्या कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या हजारो बायका गिरणगावात होत्या. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये एकत्र केले, अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे दार त्यांच्यासाठी उघडायला लावले. तोवर त्यांचाही धंदा ‘घरीच’ होता. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि जेवणारेच गावी गेल्यावर त्या खानावळींचे काय झाले ते सांगायला नको.

कारखाना आला

या संपात आपल्या घरातले मामंजी परत आले ते वळकटी घेऊन. मुंबईची वाट बंद झाली, पण नेमकी त्याच वर्षांत थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्याची उभारणी चालू होती. जिल्ह्याचेही नाव नुकतेच बदलले होते : १ जानेवारी १९८१पासून कुलाब्याचा रायगड झाला. मुंबई हायच्या वायूपासून खत करणारा हा कारखाना १९८५च्या सुमारास सुरू झाला. किनाऱ्यापाशी एवढा मोठा रासायनिक कारखाना नको म्हणून मुंबईच्या पर्यावरणवाद्यांनी पुष्कळ विरोध केला होता. गावात मात्र घरोघरी एकच विषय, जमीन गेली तर नोकरी कुणाच्या नावे लावायची?

कुणाच्या म्हणजे मुलाच्या. ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाला तेव्हा भाव आला. नोकऱ्या लागल्या, सगळ्यांना नाहीत. नोकरीचा प्रश्न पुढे कितीतरी वर्षे चिघळत राहिला. ज्यांना लागली त्यांची घरे कौलाची स्लॅबची झाली, कुरुळला वसाहत झाली, शाळा झाली. आणि बायका? १९४८चा कारखान्यांचा कायदा बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवू देत नसे. तीन पाळ्यांच्या कारखान्यात मग त्यांना जागा कुठली? ऑफिसात, कॅन्टीनमध्ये, झाडलोटीच्या कंत्राटात. जमीन गेली ती सगळ्या घराची, नोकरी आली ती एका पुरुषाची.

असे असले तरी या वर्षांत बायकांसाठी एक दार उघडले, ते कारखान्याचे नव्हते. अलिबाग हे जिल्ह्याचे ठिकाण. जिल्हा परिषद, कचेऱ्या, इस्पितळ, शाळा, कॉलेज सगळे हाकेच्या अंतरावर. एस.टी.ने जाऊन मुलगी शिकू शकत होती, डी.एड. करून मास्तरीण, नाहीतर नर्स होऊ शकत होती. गावात अंगणवाडी आली तेव्हा सेविका आणि मदतनीस, पुढे २००५नंतर आशा. ‘मानधन’ नावाच्या तोकड्या पैशावर त्यांना राबवले जाते हे खरेच; पण महिन्याच्या महिन्याला कागदावर सही करून पैसे घेणारी आळीतली पहिली बाई बहुधा त्यांच्यातलीच.

बंगल्यांचे दिवस

आता आजची सून. ती लग्न होऊन आली तेव्हा किहीमच्या वाड्या विकल्या जात होत्या. मुंबईच्या श्रीमंतांना समुद्राकाठी शनिवार-रविवारचे घर हवे होते. गेटवेहून मांडव्याला तासाभराच्या आत पोहोचता येते म्हटल्यावर किहीम, आवास, झिराड, मापगावच्या जमिनीला असा भाव आला की गुंठ्याशिवाय बोलणे नाही. मार्च २०२०मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली; आता मोटारच बोटीत घालून आणतात.

या बंगल्यांनी कामे आणली, नाही म्हणता येणार नाही. गवंडी, सुतार, वायरमन, माळी, राखणदार, पोहण्याच्या तलावाचे पाणी राखणारा. बांधकामाचे मजूर मात्र दूरदूरच्या राज्यांतून आले, रखवालीला नेपाळी आले. आणि डोंगराकडेचे कातकरी? त्यांच्यातली कितीतरी कुटुंबे पावसाळा सरला की अजूनही वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला परमुलखात जातात, लेकराबाळांसकट. समोर एवढे बांधकाम चालू असून!

बायकांना मिळाली ती धुणी-भांडी, केर-लादी, स्वयंपाक. मी या कामाला कमी लेखत नाही. आपल्या सुनेच्या हातात पहिल्यांदा जो महिन्याचा पैसा आला तो याच कामाचा, आणि त्यातून लेकीची फी गेली. पण एक गोष्ट डोळ्यांत खुपते. आजेसासूबाईंनी ज्या आळ्यांत पाणी वळवले, त्याच वाडीत उभ्या राहिलेल्या बंगल्यात नातसून लादी पुसते, आणि तिचा नवरा त्याच माडांना पाइपने पाणी घालतो, पगारावर. जमिनीचे पैसे आले होते खरे. घर झाले, गाडी झाली, लग्न झाले. पैसा एकदाच आला. माड दर महिन्या-दीड महिन्याला उतरवला जात असे.

बंगल्यांचेही काही शाश्वत नसते हो. ८ मार्च २०१९ला, म्हणजे नेमका महिला दिन, किहीमच्या किनाऱ्यावरचा एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा आलिशान बंगला सरकारने सुरुंग लावून पाडला. समुद्रकाठच्या बांधकामाचे नियम मोडून तो बांधलेला होता. वर्तमानपत्रांत किती हजार चौरस फूट आणि किती किलो स्फोटके, सगळे छापून आले. तिथे रोज केर काढणाऱ्या बाईला दुसरे काम कुठे मिळाले, हे कुणी छापले नाही.

ज्यांनी वाडी विकली नाही त्यांच्यावर वेगळेच संकट आले. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. माड मोडले, पोफळी तर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. त्यात टाळेबंदी, म्हणजे पाहुणे नाहीत, बंगल्यात जाणे नाही, बोटी बंद. त्या दोन-तीन महिन्यांत घरे तगली ती साठवलेल्या सुकटावर, कडधान्यावर आणि बायकांच्या बचत गटाच्या पेटीवर.

मग पुन्हा पाट्या लागल्या, ‘घरगुती जेवण’. लालबागच्या खानावळी फिरून किहीमला आल्या म्हणा ना! हा धंदा खरोखर बायकांचा आहे. पण पाटीवर नाव मुलाचे, फोन नंबर मुलाचा, मोबाइलवरून येणारे पैसे त्याच्याच खात्यात. हिशेब काढताना तांदूळ, मासळी, नारळ, गॅस, सगळ्याची किंमत धरतात. पहाटे ५ पासून रात्री ११ पर्यंत राबणाऱ्या बाईच्या तासांची किंमत शून्य धरतात, आणि मग म्हणतात, "चांगला सुटतो हो नफा!" तुमच्यापैकी कुणी घरून मसाले, दिवाळीचा फराळ, डबे, शिवण करत असाल तर आज रात्रीच एका वहीत आठवड्याचे तास मांडून पाहा. बाहेरून बाई लावली असती तर तिला काय दिले असते, तो आकडा त्यापुढे लिहा. काहींचा ‘नफा’ तिथल्या तिथे नाहीसा होईल. भाव वाढवायचा की ताटे कमी करायची ते मग ठरवता येईल.

याउलट उदाहरणही जवळच आहे. कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूच्या पांढऱ्या कांद्याला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडचा कांदा ‘अलिबागचा’ म्हणून विकायला कायद्याने मनाई. भात निघाल्यावर त्याच जमिनीत हा कांदा होतो, आणि सुकलेल्या पातीची वेणी घालून माळा करतात त्या मुख्यतः बायका. तुम्ही माळ विकत घेता तेव्हा कांद्याबरोबर ती वेणीही घेता. कांद्याला कागद मिळाला, आता वेणीवाल्यांची मजुरी किती वाढते ते पाहायचे.

"ताई, एक सही लागते"

आता तुमच्याशी थेट बोलते, कारण तुमच्यातल्या पुष्कळजणी अशाच एखाद्या गावच्या माहेरवाशिणी असाल. एक दिवस भावाचा फोन येतो. "ताई, गावच्या जागेचं चाललंय. एक सही लागते, येऊन जा. वहिनीनं उकडीचे मोदक करायचं ठरवलंय." ती सही हक्कसोडपत्राची असते.

महाराष्ट्रात १९९४मध्ये कायदा बदलून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. हा हक्क जन्माने आहे. मात्र २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेली विक्री किंवा वाटणी उकरता येत नाही. आणि हक्कसोडपत्र नोंदवून तुम्ही सही केलीत, की ती फिरवणे फार अवघड.

सही करू नका असे मी म्हणत नाही. भाऊ गावात राहून आई-वडिलांचे करतो, वाडी राखतो, तर त्याच्या नावे सोडावेसे वाटणे यात काही चूक नाही. पण कशावर सही करतो ते वाचून करा. जागा वाडी म्हणून राहणार की विकली जाणार, ते विचारा. विकली जाणार असेल तर तुमच्या सहीने एकट्या भावाचा हिस्सा वाढत नसतो. ज्या वाडीवर वहिनी आणि तिच्या मुली उद्या पोट भरू शकल्या असत्या ती वाडीही जाते. वहिनीला कुणी विचारले आहे का, हेही विचारा. १९९२पासून सरकारची लक्ष्मीमुक्ती योजना आहे, तिच्यात नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्याला बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. मोदक खायला गेलात की तलाठ्याकडे एक चक्कर टाकून भावाकडून तो अर्ज करून घ्या. रागावेल थोडा. मोदकांवर तूप जरा कमी पडेल.

आणि तुमच्याकडे घरकामाला बाई असेल, किहीमच्या बंगल्यात असो की तुमच्या शहरातल्या दोन खोल्यांत, तर महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, तिथे तिची नोंद होऊ शकते. केंद्राचे ई-श्रम कार्ड २०२१पासून मिळते. तिच्या नोंदणीला लागेल ती मदत करा, आधार कार्डाच्या झेरॉक्सपासून. आपल्याच घरात राबणाऱ्या बाईला कुणी विचारले आणि ती "काही नाही, घरीच असते" म्हणाली, तर दोष कुणाचा?

प्रश्नावरून आठवले. पुढची जनगणना फेब्रुवारी २०२७मध्ये होईल असे सरकारने २०२५मध्ये जाहीर केले. जनगणनेत माणसांचे तीन भाग करतात : मुख्य काम करणारे, थोडे दिवस काम करणारे आणि काम न करणारे. वर्षातले सहा महिने काम असेल तर मुख्य. केवळ घरकाम करणारी ‘काम न करणारी’, हे जुने दुखणे अजून आहेच. पण घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी राबणे हे काम धरायचे, हे १९९१च्या जनगणनेत तर प्रश्नातच स्पष्ट लिहिले होते. म्हणजे वाडीला पाणी घालणारी, कांद्याच्या माळा वळणारी, पाहुण्यांची ताटे वाढणारी आपली सून सरकारच्या व्याख्येने काम करणारीच आहे. फक्त तसे कुणीतरी सांगायला हवे.

प्रगणक बहुधा जवळच्या शाळेतल्या बाई किंवा गुरुजी असतात. घाईत असतात, उन्हातून आलेले असतात. ओटीवर बसलेल्या पुरुषाला विचारतात, "घरात काम कोण कोण करतं?" तो बोटे मोडायला लागतो : मी, मोठा, धाकटा... तेव्हा तुम्ही किहीमला असा नाहीतर कल्याणला, भाकरीचा हात धुऊन बाहेर या. घोटभर पाणी द्या, आणि तो रकाना भरून होईपर्यंत आत जाऊ नका.